हिरव्या चौकटीतला श्वास

आधीच सांगते, आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा मार्केट यार्डात हमाल आणि संघटनेचे कार्यकर्ते. बुवाबाजीविरुद्धची त्यांची पत्रकं घडी घालून वाटतच मी मोठी झाले. कुणी चमत्कार सांगितला की बाबा एवढंच म्हणायचे, "पुरावा दाखवा." ते गेल्यापासून तेच मी म्हणत आले. त्यामुळे हे इथे लिहिताना लाज वाटते... आणि न लिहिता राहवतही नाही.

गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली, हृदयाला अगदी लागून. किमो झाली, मग रेडिएशन. हॉस्पिटल पुण्यातलंच, नाव देत नाही. वारजेहून मी आणि आई रोज सकाळी रिक्षाने जायचो.

अडचण अशी, की श्वासासोबत गाठ हलते, हृदयही हलतं. म्हणून खोल श्वास घेऊन रोखायचा — छाती फुगते, हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. पोटावर एक छोटा डबा ठेवतात, कॅमेरा त्याची हालचाल टिपतो. डोळ्यांवर पडद्याचा चष्मा चढवायचे, त्यात मला एक पट्टी दिसायची. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. ती हिरव्या चौकटीत असेल तोवरच मशीन चालणार. शिवाय आतलं सगळं जागेवर आहे ना हे बघायला मधूनमधून एक्स-रे निघत राहतात. गडबड झाली तर किरण हृदयावर. म्हणजे कॅन्सरमधून वाचायचं आणि पुढे हृदयाने मरायचं.

हात डोक्यावर, पाठ मापाच्या साच्यात रुतलेली, जाड भिंती, बंद दार. बाहेरून स्पीकरवर टेक्नॉलॉजिस्ट निखिलचा आवाज : "श्वास घ्या... रोखा... सोडा." पहिल्याच दिवशी मी प्रश्नांची सरबत्ती केली, तर म्हणाला, "मॅडम, भाषण बाहेर. आत फक्त श्वास."

त्याच्या केबिनचं दार कॉरिडॉरमध्ये उघडायचं, त्यामुळे समोरच्या बाकावर बसलेल्या आईला सगळं ऐकू जायचं. तो 'रोखा' म्हणाला की तीही श्वास रोखायची. मी चिडायचे, अगं याने काय होणार? ती म्हणायची, "काही नाही गं. बसल्या बसल्या तुझ्या सोबतीला."

मग एक दिवस 'रोखा' ऐकलं, पट्टी हिरव्यात गेली, मशीनची घरघर सुरू झाली... आणि मला जमेना. श्वास सुटला, हुंदके यायला लागले.

पट्टी खाली आलीच नाही.

मशीन चालूच. मी ओरडले, "थांबवा, मी श्वास घेतेय!" हललं तर किरण भलतीकडेच जातील या भीतीने हातही काढवेना. छाती जोरजोरात वरखाली होत होती आणि डोळ्यांसमोरची पट्टी सांगत होती की मी श्वास रोखून पडले आहे.

निखिलने बाहेरून मशीन बंद केलं, घरघर थांबली. ते जड दार सावकाश सरकायला लागलं, निखिल धावत आत आला. पट्टी अजून हिरव्यातच. मग एकदम खाली कोसळली — आणि त्याच वेळी बाहेर आरडाओरडा झाला. आई बाकावरून पडली होती. ओठ निळे.

ती सावरली. नंतर डॉक्टरांनी सगळं तपासलं. सीसीटीव्हीत मी हुंदके देतेय, माइकवर माझं ओरडणं आहे. आणि त्याच क्षणांच्या एक्स-रेमध्ये छाती भरलेली, हृदय बाजूला, सगळं जागच्या जागी. इंजिनिअरने कॅमेरा, मशीन सगळं पाहिलं. बिघाड नाही. डॉक्टर म्हणाले, "यातलं काहीतरी एक खोटं असायला हवं. कुठलं, ते मला सांगता येत नाही."

घरी आल्यावर मी आईला विचारलं, इतका वेळ श्वास का धरलास?

"तू ओरडलीस, तो धावत गेला," ती म्हणाली. "'सोडा' कुणी म्हणालंच नाही, बाळा."

याचं पत्रक मला लिहिता येत नाही. बाबा पुरावा मागायचे. पुरावा आहे, दोन्ही बाजूंनी आहे, आणि मी मधे अडकलेय. नातेवाइकांना सांगितलं तर उद्या ते आईच्याच पाया पडतील, म्हणून तोंड मिटून आहे. योगायोग म्हणा, यंत्राची चूक म्हणा... मी रोज म्हणून बघते.

आई पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कँटीनमध्ये बसवायला बघितलं. ती बाकावरून हलली नाही. मग मी निखिलला सांगितलं, काहीही झालं तरी आधी 'सोडा' म्हणायचं, मग धावायचं. याही वेळी तो टोमणा मारेल असं वाटलं होतं. त्याने नुसती मान हलवली.

आई सांगते, उरलेले सगळे दिवस 'सोडा' म्हणताना तो तिच्याकडे बघायचा.