नावावर काही नाही

हे मी आजवर एकाही माणसापुढे बोललेली नाही. बहिणीला थोडं ठाऊक होतं, ती गेली. आमच्या ह्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तेही गेले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं. मी चौथी शिकलेली बाई, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. हे थोडं मागपासून सांगावं लागेल.

ऐंशी साल उजाडायच्या आधीची गोष्ट. आम्ही बहरीनला, सनाबिसला दोन खोल्यांत राहायचो. हे सलमाबादला वर्कशॉपमध्ये फिटर, मी घरी ब्लाउज-परकर शिवायची. मूलबाळ नाही. गावी सासू एकटी. एक दिवस नारळ सोलायला बसली आणि उजवं अंग गेलं. जीभही गेली. तार आली. ह्यांच्या रजेला अजून दीड वर्ष होतं, शेठ सोडेना. म्हणून मी एकटी गेले.

आमचं दोघींचं कधी पटलं नाही — ते उगाच गोड करून सांगत नाही. पण दोन महिने मी तिचं सगळं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, पाठीची जखम धुतली. तुम्ही कधी मोठं माणूस एकटीने उचललंय? नसेल, तर पुढचं वाचताना नाक मुरडू नका.

तालुक्याला धर्मादाय आश्रम होता. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना तिथे फुकट ठेवायचे, रात्रंदिवस बायका बघायला. अट अशी की माणूस निराधार पाहिजे, नावावर घर-जमीन नको. सासूच्या नावावर घर होतं आणि मागे आंब्याची अकरा कलमं. सासऱ्यांनी तिच्याच नावाने घेतलेली. ह्यांच्या नावावर केलं तर मुलगा आहे हे उघड होणार. म्हणून बक्षीसपत्र केलं माझ्या नावावर. ह्यांना पत्रातून कळवलं, ते म्हणाले, तुला बरं वाटेल तसं कर. सासूला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून रजिस्टर कचेरीत नेलं. उजवा हात मेलेला, म्हणून डाव्याचा अंगठा घेतला. कारकुनाने विचारलं, राजीखुशीने देताय ना? तिने मान हलवली. खरंच राजी होती का? मी विचारलं नाही.

तलाठ्याचा दाखला घेऊन आश्रमात गेले. नावावर काही नाही — खरा दाखला, शिक्क्यासकट. व्यवस्थापकाने तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "मागल्या तीन वर्षांत आजींनी कुणाला काही देऊन टाकलंय का?"

ही अट मला ठाऊक नव्हती. दिलेलं असलं तरी ते तिचंच धरायचे. मी दाखला पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. तो म्हणाला, "असेल तर लपवू नका, बाई. ज्याने घेतलं त्याने परत करावं, नाहीतर इथला खर्च उचलावा. माणसाला आम्ही बाहेर ठेवत नाही."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी अजून ठेवलंय.

मी म्हटलं, काही दिलेलं नाही. तुम्ही कोण, असं त्याने विचारलं. "शेजारीण," मी म्हटलं. "हिला कुणी नाही."

सासू बाकावर टेकून माझ्याकडे बघत होती. जीभ गेली होती, कान नव्हते गेले.

बहरीनला परत आले. ह्यांना सांगितलं, चांगली सोय झाली. तेवढं खोटं नव्हतं — पाठीची जखम महिन्याभरात भरली, बहिणीने पत्रातून कळवलं. बहीण त्याच तालुक्याच्या गावात राहायची, ओळखीची म्हणून जाऊन बघायची.

पण तेव्हा बहरीनला रीत होती. पत्र लिहायला वेळ कुणाला? कॅसेट भरायची आणि जो रजेवर निघेल त्याच्या सामानात टाकायची. हे दर महिन्याला शुक्रवारी टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. "आई, इकडे उकडतंय बघ. तू जेवतेस ना गो नीट?" असलं काहीबाही. आता दहा खाटांच्या खोलीत मुलाचा आवाज वाजला तर पुढे काय? म्हणून मी ती कॅसेट दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची, वर तांदूळ. महिन्याने काढून ह्यांच्या हातात द्यायची — आईंनी ऐकली, परत पाठवली. जीभ नाही, मग उत्तर कुठून येणार? हे त्याच कॅसेटवर पुन्हा बोलायचे. स्वतःचाच आवाज पुसून. एकदा रायगडचे हसनभाई, शेजारचे ड्रायव्हर, रजेवर निघताना दारात आले. "वहिनी, आईसाठी कॅसेट द्या ना. इंशाल्ला स्वतः नेऊन वाजवतो." म्हटलं, कालच दुसऱ्याबरोबर गेली, तुम्ही यल्ला, निघा, विमान चुकेल.

सहाव्या महिन्यात बहिणीचं पत्र आलं. सासू बोलायला लागली होती. अडखळत, पण बोलत होती. मी पत्र वाचलं, फाडलं, आणि त्या शुक्रवारी ह्यांना तीच कॅसेट दिली — आईंची जीभ अजून आली नाही, असं सांगून.

आता खरं सांगते. इथवर जे सांगितलं ते तिच्या खाटेसाठी केलं, असं तुम्हाला वाटू दिलं. खाट तर तशीही मिळत होती. परत करा, नाहीतर खर्च उचला — एवढंच होतं. ह्यांच्या पगारात ते बसत होतं. मुलाचा आवाज तिला उघड ऐकता आला असता. रजेपर्यंत ती राहिली असती, तर तो पायाशी बसला असता. मला ते घर हवं होतं, आणि एकदा उघड झालं की नुसत्या खर्चावर भागणार नाही, घर परत तिच्या नावावर जाईल, ही भीती होती. व्हिसा शेठच्या खिशात, आज काम आहे, उद्या खलास — आणि बाईच्या नावावर कुठे काय असतं? सगळ्या आयुष्यात एका कागदावर माझं नाव लागलं होतं. ते मी पुसू देणार नव्हते.

चौदा महिन्यांनी ती गेली. आदल्या दिवशी आश्रमातल्या बाईने विचारलं, आजी, कुणाला कळवायचं का? बहीण तिथेच उभी होती. सासू नीट, स्पष्ट म्हणाली, "मला कुणी नाही."

माझं खोटं तिने मरेपर्यंत सांभाळलं. का — ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या सोयीचा अर्थ मी लावत नाही.

कॅसेट आहे अजून. वाजवायचं यंत्र घरात नाही, मी आणलंही नाही. घर आहे, माझ्या नावावर. अकरातली नऊ कलमं उभी आहेत, यंदाही धरली. पहिला आंबा मीच कापते. गोड लागतो.