जावेचा वाफा

मेथी निवडताना बोटांना तिचा वास लागला की धरमतरच्या खाडीकाठचं आमचं परसू आठवतं. नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास मी नवी सून होते आणि थोरल्या जावेच्या वाफ्याशेजारीच माझा वाफा होता. तिची मेथी तरारायची, माझी पिवळी पडायची, आणि सासूबाई आल्यागेल्याला तिच्याच जुड्या द्यायच्या. चांगली जमीन तिनं लाटली, असंच माझ्या मनानं घेतलं. फाल्गुनातल्या एका दुपारी मी तिच्या वाफ्यातली माती चोरून जिभेवर ठेवली, तर ती माझ्या मातीइतकीच खारट निघाली. "आता खारटच लागंल गो," मागून जाऊ म्हणाली. "पावसानं मीठ धुतलं का भेंडी लावायची, भात कापला का लगेच मेथी. तू उन्हानं मीठ वर आल्यावर पेरतेस." तोंडातली माती मी थुंकून टाकली नाही, गिळली. आज माझी मेथी बघून बायका म्हणतात, अगदी जावेच्या हातची वाटते, आणि मला ते अजून तेवढंच झोंबतं.