दहाची देसियाता

साइटवरच्या कंटेनर-ऑफिसात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतातच. वाळू आणि किस्से! वर्ल्ड कप तोंडावर आलेला, स्टेडियमचं छप्पर अर्धवट आणि दोह्याच्या उन्हात आम्ही सगळे पिळून चिपाड. लोक उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचे. पण बरोब्बर दहाला आमचा स्लोव्हाक सुपरवायझर मिलान हेल्मेट काढायचा, पाव-कांदा-चीज मांडायचा आणि म्हणायचा, "देसियाता!"

"म्हणजे काय रे बाबा?"

"आमच्याकडे देसात म्हणजे दहा. दहाला खायचं, म्हणून देसियाता."

*

एकदा मी त्याला नऊलाच गरम समोसा दिला. गड्यानं तो तासभर खिशात ठेवला! तेलाचा डाग पार गुडघ्यापर्यंत उतरला.

"खाल्ला का नाहीस?"

"नऊला खाल्लं तर ते नुसतं खाणं!"

*

मग आम्हीही दहाला त्याच्या टेबलाशी जमू लागलो. बायकोनं डब्यात दुधातल्या दशम्या दिल्या होत्या. नाव सांगितलं, दश म्हणजे दहा हेही सांगितलं. मिलानचे डोळेच पाणावले.

"तुम्हीही दहाला खाता?"

"छे, प्रवासात खातो."

"मग प्रवासाला दहाला निघता?"

*

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर कुलकर्णी साहेब. त्यांनी रोजची मीटिंग नेमकी दहाला लावली. "देसियाता-बिसियाता खलास! छप्पर होऊ दे, मग जन्मभर खा."

मिलान भांडला नाही. मला एवढंच म्हणाला, "दिवसाला मधे कुठं गाठच राहिली नाही रे. नुसतं लांबच लांब दोरखंड."

आठवडाभर तो मीटिंगला उपाशी बसला. शेवटी साहेबांनी विचारलं, "मिलान, छप्पर कधी?"

आजवर तारीख सांगून ती पाळणारा हा माणूस! खिडकीबाहेर बघत म्हणाला, "इन्शाल्ला."

साहेबांना घाम फुटला. मीटिंग दुसऱ्या दिवसापासून अकराला!

*

दुसऱ्या दिवशी दहाला मिलाननं एक पाव साहेबांपुढे सरकवला.

"नको, मी डाएटवर आहे," साहेब म्हणाले आणि खाल्ला. वर, "उद्या कांदा जरा जाड काप."

*

छप्पर झालं. मिलान गावी गेला, साहेब रिटायर होऊन पुण्याला. मी आहे इथंच, नवी साइट, तीच वाळू. परवा अचानक कुलकर्णी वहिनींचा फोन.

"भावजी, यांना तिकडे काय सवय लावलीत हो? वरण-भात निवतोय आणि हे रोज साडेबाराला पानावरून उठून गॅलरीत जातात. पाव आणि कांदा खात बसतात! विचारलं तर कांद्याची आणखी एक चकती कापतात. आत्ताही तेच चाललंय."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दोह्यात दहा वाजले होते.

"वहिनी, ठेवतो," मी म्हणालो. "माझाही कांदा चिरायचा राहिलाय."