दाजींचा वारा आणि काकूंची गोधडी

मारुतीराय सोडले, तर वाऱ्याशी इतकं घरचं नातं असलेला माणूस त्रिभुवनात एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे दाजी! कोंडाण्याच्या लेण्यांच्या डोंगराखाली चार खोल्यांचं घर, मागे भाताची खाचरं, आणि या माणसाचा धंदा काय, तर नळीतून आवाजापेक्षाही जोरात धावणारा वायू आत कसा वागतो, याचं कॉम्प्युटरवर गणित मांडायचं. घरात ना नळी, ना वायू. सगळा कारभार आकड्यांचा. लग्न ठरलं तेव्हा "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला आमच्या वडिलांनी "गॅसमध्ये आहे" असं उत्तर दिलं, आणि पुढे वर्षभर नातेवाईक सिलिंडरसाठी ताईकडे वशिला लावत राहिले.

कुठे भोक दिसलं की दाजींचा तळहात आपोआप पुढे होतो. दाराची फट असो, चुलीची फुंकणी असो, नाहीतर रिकामी बाटली. "हिकडं ये रं, हात धर. लागतोय? मधे जोर हाय बघ, कडंला नाय. कडंला वारा भिंतीला चिकटून बसतो!" हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकतात की वाटावं, वाऱ्याचा शोध आत्ताच लागला आणि तोही यांच्या पडवीत. माथेरानला आम्ही सगळे दरी बघत होतो, तर हे गृहस्थ एका हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या झरोक्यापुढे हात पसरून उभे. आतल्या आचाऱ्याला दया आली. त्याने हातावर एक गरम कांदाभजी ठेवली. दाजींनी ती मुकाट्याने खाल्ली आणि हात पुन्हा पुढे धरला. गणपतीत तर आणखी कहर! आरती ऐन रंगात आलेली असताना हे उदबत्तीकडे बोट दाखवून ओरडले, "बघा, बघा! आधी धूर सरळ गेला का नाय? शान्या पोरावानी? आन् आता बघा, सुटला! इथून म्होरं तो काय करंल, ते भल्याभल्यांना ठावं नाय!" टाळ थांबले. सगळी आळी उदबत्तीकडे बघत राहिली. ताईने कपाळावर हात मारला, पण बघत तीही होती.

हा सुटलेला, पिसाटलेला धूर म्हणजेच दाजींचं सारं आयुष्य. नळीचे मनातल्या मनात लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात वायूचा वेग किती, दाब किती, ते काढायचं. "गावासारखंच हाय रं," ते मला समजावतात. "परत्येक घर निस्तं शेजाऱ्याला इचारतं, तरी बातमी टोकापर्यंत जाते का नाय?" कधी कधी मात्र बातमीची अफवा होते, आकडे उधळतात, गणित कोसळतं. मग आतून आरोळी येते, "फुटलं!" नवीन लग्न झालेलं असताना ताई ते ऐकून दूध बघायला धावायची.

हे गणित करायला कंपनीने त्यांच्या घरी डझनभर कॉम्प्युटर आणून ठेवले होते. ते अहोरात्र चालत आणि खोलीची भट्टी होई. म्हणून दाजींनी पत्र्याचं एक जाडजूड नळकांडं वळवून आतली गरम हवा पंख्याने पडवीत काढून दिली. आता आमच्याकडे श्रावणात अंगावरचा रुमाल वाळत नाही, तिथे ही गरम हवा फुकट! बघता बघता आळीतल्या बायांनी पडवीत दोऱ्या बांधल्या. लंगोट्या, शाळेचे गणवेश, भिजलेले पापड, सगळ्यांना दाजींचा वारा. शेजारच्या शेवंताकाकू तर पहिल्या मानकरी. "उन्हाचा भरवसा नाय, पन शेजाऱ्याचा वारा इमानी," असं त्या येईल त्याला सांगत.

आणि अशातच तो घोर आला. दाजींनी हे गणित करणारा प्रोग्रॅम स्वतः, ओळ न् ओळ, तरुणपणापासून लिहिला होता. लोधिवलीच्या पलीकडे कंपनीची एक शेड आहे, तिथे खऱ्या नळीतून खरी हवा सोडून बघतात. आवाजापेक्षा जोरात पळणारी हवा नळीत एका जागी एकदम अडखळते, त्याला दाजी 'धक्का' म्हणतात. शेडमधल्या नळीत तो धक्का जिथे होता, त्याच्या वीतभर पुढे दाजींचं गणित तो दाखवत होतं. वीतभर! कंपनीने सांगितलं, सोमवारपर्यंत जुळलं नाही तर तुमचा प्रोग्रॅम ठेवा बाजूला, आम्ही बाहेरचा तयार विकत घेतो. दाजींचा चेहरा उतरला. त्या पिसाट भोवऱ्यांची सूत्रं त्यांनी दहादा बदलली. धक्का जागचा हलेना. आमटीत पोळीऐवजी चमचा बुडवून तो चावताना मी त्यांना पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांचं हसू आलं नाही.

रविवारी भर दुपारी एकाएकी सगळे कॉम्प्युटर बंद पडले. दाजी धावत पडवीत आले. नळकांड्याच्या तोंडाला शेवंताकाकूंनी आपली ओली गोधडी घट्ट बांधली होती, वर सुतळीचे वेढे. ऊब वाया जाऊ नये म्हणून! आतली हवा आतच कोंडली होती आणि यंत्रं तापून गपगार झाली होती. ताईने डोळे मिटले. काकू रडवेल्या झाल्या. "माज्यापायी नोकरी गेली का रं तुजी?"

दाजी आत गेले, कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराच्या फटीपुढे तळहात धरला, तिथून येणारा गरम वारा घेऊन बघितला, परत आले, गोधडीला हात लावला. आणि ओरडले, "काकू! टोक बंद केलं तर वारा मागं सरतो!"

"चुकलं रं माजं."

"अवो चुकलं माजं! त्या नळीच्या टोकाला काय हाय, ते मी कधी इचारलंच नाय!"

त्यांनी शेडमध्ये फोन लावला. नळीचं टोक उघडंच आहे ना? पलीकडचा पोरगा म्हणाला, "होतं सर उघडं. पण आवाजाने गावातल्या म्हशी दूध देईनात. लोक आले भांडायला, मग टोकाला सायलेन्सर बसवला. तुम्हाला कोणी बोललं नाय का?"

दाजींनी फोन ठेवला आणि लहान मुलासारखी उडी मारली. धक्का मागे सरायला हवा म्हणून गणितात टोकाला अडसर घातला, यंत्रं पुन्हा सुरू केली. पडवीत सारी आळी जमली. पास-नापास ऐकायला बसावं तशी सगळी बसली, काकू गोधडी मांडीवर घेऊन पुढे. दिवेलागणीला आतून आरोळी आली, "बसला! जितं पायजे तितंच बसला गं!" कोण, कुठे, हे कोणाला कळलं नाही, पण ओरडले सगळेच. दाजींनी ती ओली गोधडी शालीसारखी खांद्यावर घेतली आणि काकूंच्या पाया पडले.

प्रोग्रॅम राहिला. इतका आवडला, की कंपनीने तो आपल्या मुख्य कचेरीतल्या मोठ्या यंत्रांवर नेला आणि घरचे कॉम्प्युटर टेंपोत घालून परत मागवले. आता दाजींच्या टेबलावर एक लॅपटॉप असतो; गणित दूर कुठेतरी चालतं.

यंदा श्रावणात मी गेलो होतो. पडवीतल्या दोऱ्या तशाच होत्या, रिकाम्या. बोलता बोलता दाजींचा तळहात सवयीने नळकांड्यापुढे गेला आणि तिथेच थांबला. तेवढ्यात शेवंताकाकू गोधडी घेऊन पायरी चढल्या, मग आता वारा येत नाही हे त्यांना आठवलं आणि त्या ओशाळून वळल्या.

"आना हिकडं, काकू," दाजी म्हणाले. त्यांनी गोधडी नळकांड्यासमोर नीट पसरून घातली, तिच्या सुरकुत्या काढल्या. मला फार भरून आलं. दोन दिवसांनी मी निघालो तेव्हा ती अजून ओलीच होती, आणि काढायला कोणी आलं नव्हतं.