राहीबाईच्या लेकीची सुई

एकाहत्तर सालच्या ऊसतोडीत राहीबाईच्या पायात उसाचं टोकदार बुडूक घुसलं. तिनं हळद भरून चिंधी बांधली आणि कामाला लागली. नवरा मानसिंग फौजेत, तिकडं लढाईचे वारे, रजा बंद. घरी सासू बयाबाई आणि लहानगी अंजना. पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि ताप चढला, तेव्हा बयाबाईनं तिला बैलगाडीत घालून इस्लामपूरला नेलं.

दवाखाना डॉक्टरीण शरयूताईंचा होता. सांगलीकडच्या, नुकत्याच इथं येऊन बसलेल्या. त्यांनी जखम बघितली आणि विचारलं, "याआधी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेतलंय? अंगावर गांधी उठल्या होत्या?"

"बाळतपणात घेतलं हुतं. काय झालं न्हाई."

तरीही डॉक्टरीणबाईंनी आधी हाताच्या कातडीत थोडंसं औषध टोचून बघितलं. काही उठलं नाही. मग पुरतं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "बाहेर बाकावर बसा. मी उठा म्हणेपर्यंत जायचं नाही."

बयाबाईला गाडी जुंपायची घाई झाली होती. "आता काय हितं मुक्काम करायचाय व्हय?" असं ती म्हणते न म्हणते तोच राहीबाई तळहात खाजवायला लागली. मानेवर, पोटावर लालभडक गांधी उठल्या. ओठ सुजले. "आत्याबाई, गळा दाटतोय," एवढंच तिला बोलता आलं.

शरयूताई धावतच आल्या. तिला आडवं केलं, पाय उचलून खाली उशा घातल्या आणि मांडीत उताऱ्याची दुसरी सुई मारली. मग आणखी एक. बयाबाई भिंतीला टेकून देवाचा धावा करत होती. हळूहळू राहीबाईच्या नाडीनं जोर धरला, श्वास मोकळा झाला. ती वाचली. पायातला पू काढला आणि वेगळ्या औषधावर पाय पुढं बरा झाला.

"जन्मात पुन्हा पेनिसिलीन घ्यायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी सुई टोचायच्या आधी हे सांगायचं."

राहीबाईच्या तोंडी तो शब्द काही बसेना. आणि आपली शुद्धच हरपली तर कोण सांगणार, हा घोर वेगळाच. गावच्या जत्रेत तिनं यावर तोड काढली. शाळेतल्या हरी गुरुजींकडून हातावर शाईनं ठळक अक्षरं काढून घेतली, 'पेनिसिलीन चालत नाही', आणि गोंदणारणीपुढं जाऊन बसली.

"देवाचं नाव सोडून ह्ये काय गं गोंदतीस?" गोंदणारीण म्हणाली.

"मला जिती ठिवणारं नाव हाय. टोच तू."

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग अंजनाचा घसा धरला. तो बरा झाला असं वाटतंय तोवर तिचा एक गुडघा सुजला. तो उतरतोय तर घोटा धरला, मग मनगट. पोर रांगत मोरीपर्यंत जायला लागली. शरयूताईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि तिला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं निदान पक्कं झालं. घशातल्या जंतूंच्या मागोमाग येणारा सांधेज्वर. हृदयाच्या एका झडपेला थोडी इजा झाली होती. सांधे बरे होणार होते. झडप जपावी लागणार होती.

"दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन," परत आल्यावर शरयूताईंनी सांगितलं. "ती पुरती मोठी होईपर्यंत, बरीच वर्षं."

"कसलं विंजेक्शन?"

"पेनिसिलीनचं."

बयाबाई ताडकन उठली. "आईला जी सुई मारत हुती ती लेकीला? चल राहे, पोर उचल!"

राहीबाई बसूनच राहिली. "बाई, माझंच रगत हाय तिच्यात. मला बाधलं ते तिला बाधणार न्हाई कशावरनं?"

"आईला बाधलं म्हणून लेकीला बाधतंच असं नाही. पण बाधणारच नाही अशी हमी मी देणार नाही. ती कुणाच्याच बाबतीत देता येत नाही. म्हणून आधी चाचणी घ्यायची, उतारा हाताशी ठेवायचा, आणि नंतर पोरीला नजरेसमोर बसवून ठेवायचं."

"आन न्हाईच दिलं तर?"

"पुन्हा घसा धरेल, पुन्हा ताप येईल, आणि दर वेळी झडप आणखी खराब होईल. पुढं पुढं चार पायऱ्या चढली तरी धाप लागेल. गोळ्या आहेत, पण त्या रोज न चुकता घ्याव्या लागतात, आणि त्यांचा सुईइतका भरवसा नाही."

राहीबाई बाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहिली. गळा दाटतानाचं ते सगळं तिच्या अंगात पुन्हा उभं राहिलं. विहिरीत बुडाल्यासारखं, वर उजेड दिसतोय आणि श्वास घेता येत नाही. हेच पोरीला झालं तर? आणि नाही दिली, तर पोर डोळ्यांदेखत खंगत जाणार. एक भीती अर्ध्या तासाची होती, दुसरी सगळ्या जन्माची. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत आली.

"द्या. पर आदी तो उतारा मला दावा."

शरयूताईंनी काचेची बारीक कुपी तिच्या हातात दिली. मग ती फोडून औषध दुसऱ्या सिरिंजमध्ये भरलं आणि ती ट्रेमध्ये डोळ्यांपुढं ठेवली. अंजनाच्या हातावर चाचणी झाली. काही उठलं नाही. मग उकळलेल्या सुईनं ते दुधासारखं दाट औषध कमरेखाली खोलवर गेलं. पोर किंचाळली.

नंतर राहीबाईनं तिला मांडीवर घेतलं. तळहात उलटून बघितले, मान बघितली, ओठ बघितले. "खाजतंय का गं? गळ्याला काय हुतंय?"

"न्हाई. कमार दुखतीया," अंजना हुंदके देत म्हणाली.

डॉक्टरीणबाई उठा म्हणाल्या तरी राहीबाई आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली. त्या दिवशी बयाबाई घरापर्यंत तिच्याकडं पाठ करून बसली. पुढच्या खेपेला मात्र तीच आधी गाडीत चढून बसली.

मग तो घरचा नेमच होऊन गेला. खुरपणी असो, गौरी असोत, पुरानं रस्ता तुटलेला असो, राहीबाई पोरीला घेऊन इस्लामपूर गाठायची. गावात भाऊसो नावाचा एकजण पेटी घेऊन घरोघर सुया टोचत फिरायचा. तो म्हणाला, "वैनी, कशाला येष्टीचे हाल? मी दारात टोचतो की."

"आन गळा दाटला तर द्यायचं दुसरं औषद हाय का पेटीत?"

भाऊसो हसला. "आता काय व्हतंय? इतक्या येळा घेतलंय तिनं."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि एसटीला हात केला.

सातवीत गेल्यावर अंजनानंच बंड केलं. "आये, मला काय सुदीक हुत न्हाई. मी नाय टोचून घेनार. बाकीच्या पोरी कुटं जात्यात?"

राहीबाई रागावली नाही. तिनं पोरीचा हात धरून तिच्याच छातीवर ठेवला. "हितं एक दार हाय, तेची बिजागरी जरा ढिली हाय. तुला काय हुत न्हाई ते त्या सुईमुळं. माज्यावर रुस, शिव्या दे, पर यायचं."

अंजना तणतणत गेली, पण गेली.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात शाळेची सहल महाबळेश्वरला निघाली. मास्तर या पोरीला न्यायला कचरत होते. राहीबाई त्यांना घेऊनच दवाखान्यात गेली. शरयूताईंनी छातीला नळी लावली. झडपेमुळं ठोक्यात येणारी फुसफुस होती, पण वाढली नव्हती. "हळूहळू चालू दे, दमली तर बसू दे. पण जाऊ दे," त्या म्हणाल्या.

सुईची तारीख नेमकी सहलीच्या दिवशी येत होती. राहीबाईनं पोरीला आदल्या दिवशीच नेऊन ती टोचून आणली. सकाळी शाळेपुढं एसटी लागली. अंजना दुखरी बाजू सांभाळत खिडकीपाशी तिरकी बसली, भाकरीचं फडकं मांडीवर घेतलं, आणि गाडी हलायच्या आतच शेजारच्या पोरीशी बोलण्यात गुंगून गेली.