एम-थ्री तीनदा

आमच्या उइटहॉर्न या डच गावातल्या मराठी मंडळींत कुणी नवीन आलं की ओळखपरेड होते. कॉलेज कुठलं, कंपनी कुठली, मुलं किती आणि ती कशी हुशार. आमच्या समोरच राहणाऱ्या केटीकाकांची पाळी आली की ते दोन्ही हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "मी पुण्याचा. इंजिनिअर. एम-थ्री तीनदा."

एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. तो ज्यांनी दिलाय ते खो खो हसायचे, बाकीचे गोंधळायचे आणि काकू कपाळाला हात लावायच्या. "अहो, चारचौघांत काहीतरी चांगलं सांगा की!"

"हेच चांगलं आहे," काका म्हणायचे. "पहिल्यांदाच सुटला असता तर सांगण्यासारखं काय उरलं असतं?"

नापास झालेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात जायची जी सवलत, एटीकेटी, तिच्यावरून त्यांचं नाव पडलं होतं. पडलं कसलं, त्यांनीच पाडून घेतलं होतं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. एका बँकेत ते चांगल्या हुद्द्यावर होते. तेही कुणी विचारलं तरच कळायचं.

आमची ईशा लहानपणापासून डॉक्टर व्हायचं म्हणत होती. शाळा संपल्यावर मेडिसिनच्या निवडीत तिचं थोडक्यात हुकलं, म्हणून नायमेखनच्या विद्यापीठात बायोमेडिकलला गेली. ती पदवी चांगल्या मार्कांनी मिळवली की मेडिसिनला शिरायला बाजूची एक वाट असते. वाट अरुंद, पण असते. आणि पहिल्याच सहामाहीत हिला दहापैकी चार, पाच आणि बायोकेमिस्ट्रीत पुन्हा चार. पास व्हायला साडेपाच लागतात. पहिल्या वर्षी पुरेसे विषय सुटले नाहीत तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. मग कसली बाजूची वाट आणि कसली डॉक्टरकी. ईशा शनिवार-रविवार घरी आली की खोलीचं दार लावून बसायची. मी हळदीकुंकवाला जायचं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगणार काय?

माझा नवरा केटीकाकांपाशी बोलला असावा, कारण एका शनिवारी काका दारात उभे. हातात पेढे. वर गेले, ईशाच्या दारावर टकटक केली आणि म्हणाले, "अभिनंदन! आमच्या पंगतीत आलीस!"

मला इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही. पण आतून ईशाच्या हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. मग मी चहाही टाकला आणि पोहेही.

पोहे खाताना काकांनी एकच प्रश्न विचारला. "तुझा तपासलेला पेपर बघितलास?"

"नो काका. इनझागे असतो, बट नोबडी गोज."

इनझागे म्हणजे तपासलेला पेपर विद्यार्थ्याला बसून बघू देतात तो दिवस. काकांनी चमचा खाली ठेवला. "आमच्या वेळी पेपर देणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं होतं. पडल्याचा आवाज तेवढा यायचा. मी तीनदा टाकला, कुठे चुकलं ते अजून मला ठाऊक नाही. आणि तुला बोलावून दाखवतायत तर तू जात नाहीस?"

त्यांनी रजा काढली आणि तिच्याबरोबर आगगाडीने नायमेखनला गेले. ती आत पेपर बघत होती तेव्हा हे कँटीनमध्ये काकूंनी दिलेली थालीपिठं खात बसले होते. संध्याकाळी दोघं आमच्या घरी आली. प्रश्न होता, दोन कारणं लिहा. ईशाने पाच लिहिली होती. तपासणाऱ्याने पहिली दोन वाचली आणि खाली रेघ मारली. बरोबर कारणं होती तिसरं आणि चौथं. एका प्रश्नात नाही, पानोपानी तेच.

"पण आई, यू ऑल्वेज सेड, पान कोरं सोडायचं नाही!"

म्हटलं होतं खरं. माझ्या आईने मला सांगितलेलं, तेच मी तिला सांगितलं होतं. काका टेबलावर हात आपटून हसले. "अगं, हा आपला राष्ट्रीय आजार! आपण पुरवण्या जोडायच्या आणि तपासणाऱ्याने वजन करायचं. इथे वजनकाटाच नाही, काय करणार!"

तेव्हापासून दर शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरायला लागली. काकांना बायोकेमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एन्झाइमची नावं तर ते असली वाचायचे की ईशाला हसू आवरायचं नाही. पण तिचं दुसरं कारण सांगून झालं की त्यांचा पंजा वर जायचा. "बास. तिसरं तोंडातच ठेव." मग कुठली दोन आधी सांगायची याचा तिला विचार करावा लागायचा, आणि विचार करायचा तर नुसतं पाठ असून भागायचं नाही, समजलेलं लागायचं. ती पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागली. राबली हो पोरगी. दोनचं खूळ मात्र घरभर पसरलं. उशीर का झाला म्हणून नवऱ्याला विचारलं तर म्हणायचा, "वारा. आणि सायकल."

इथे फेरपरीक्षेला हेरकान्सिंग म्हणतात. काकांना त्या शब्दाचं कोण कौतुक. "आपल्याकडे नापास म्हणतात आणि विषय संपवतात. इथे कान्स म्हणजे चान्स, तो शब्दातच बसलाय बघा!"

बायोकेमिस्ट्रीच्या हेरकान्सिंगला ईशाला साडेसात मिळाले आणि वर्ष वाचलं. बातमी कळताच काका तिची बॅग मागायला आले. इथे मुलं शाळेची शेवटची परीक्षा पास झाली की घराबाहेर झेंडा लावतात आणि त्याच्या काठीला दप्तर टांगतात. काकांकडे झेंडा नव्हता. गुढीची काठी होती. तिच्यावर, तांब्या पालथा घालतात त्या जागी, त्यांनी ईशाची बॅग अडकवली, खाली काकूंचा जरीचा खण बांधला आणि काठी आपल्या खिडकीबाहेर काढली.

शेजारचे योहान सायकलवरून उतरले. "पास झाली? शाळा?"

"नाही, एक विषय!" काका मोडक्यातोडक्या डचमध्ये ओरडले. "दुसऱ्यांदा!"

योहाननी थोडा विचार केला आणि अंगठा वर केला. ईशा आमच्या दाराआडून हलेना. "काका, प्लीज! इट्स सो एम्बॅरसिंग!"

पुढच्या वर्षी काकांच्या आईला पुण्यात एकटं राहणं जमेना, तेव्हा काका-काकू दोघं कायमची परत गेली. सामान बांधून झाल्यावर काका ती काठी घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, पाडव्याला तुम्हालाच लागेल."

"पुण्यात काठ्या मिळतात," ते म्हणाले. "ही इथे लागणार आहे." मला रडू आलं आणि त्यांनाही आलं. ईशाने काठी घेतली आणि कपाटामागे नीट उभी केली.

त्यानंतर तिचे मार्क चढत गेले. या उन्हाळ्यात पदवी झाली, आणि त्या बाजूच्या वाटेने मेडिसिनला तिची निवड झाली. मी काठी काढली, बॅग अडकवली, माझा खण बांधला आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. काका डोळे पडद्याजवळ नेऊन आपली काठी बघत राहिले.

एवढ्यात योहान आले. "या वेळी काय?"

मी तोंड उघडायच्या आत ईशाच पुढे झाली. दाराआड नाही, भर रस्त्यात. तिने हात जोडले आणि खणखणीत आवाजात डचमध्ये सांगितलं, "मी ईशा. मेडिसिनला निवड झाली. बायोकेमिस्ट्री दोनदा."

निवडीची बातमी आली तेव्हाही मला तिचा एवढा अभिमान वाटला नव्हता. फोनमध्ये काका चष्मा काढून डोळे पुसत होते आणि आत हाका मारत होते, "अगं, इकडे ये, ऐकलंस का? पोरगी ओळख करून द्यायला शिकली!"