आबांनी दडवलेलं पत्र

दहावीचे सराव पेपर तपासत मी स्टाफरूममध्ये बसले होते, तेव्हा शेजारच्या नर्मदाअक्कांचा फोन आला. "बेटा, तू घर ये," एवढंच म्हणाल्या. आबा कसे आहेत, हे विचारायचं मला सुचलं नाही... किंवा विचारायची गरजच उरली नाही. धुळ्याहून नरडाण्याच्या बसमध्ये बसले. गावात पोचले तर ओसरीवर माणसं होती आणि आबा खाटेवर, अंगावर पांढरी चादर.

आबा माझे सासरे. सैन्यात इंजिनिअर पलटणीत होते, जमिनीत पुरलेले सुरुंग काढायचं त्यांचं काम. हवालदार होऊन निवृत्त झाले आणि गावी येऊन कपाशी लावू लागले. गावात सगळे त्यांना 'फौजी आबा' म्हणत. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा त्यांच्या हस्ते फडके. पण पोरांनी "लढाईचं सांगा ना" म्हटलं, की ते चहा घ्यायच्या निमित्तानं उठून जात.

सुनील त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. लग्नाआधी त्यानं भरतीसाठी दोन वर्षं शिरपूर रस्त्यावर धावून तयारी केली होती. परीक्षा दिली, मेडिकलही झालं, पण बोलावणं आलंच नाही. 'आपण नापास झालो' असं धरून तो नरडाण्याच्या एका कारखान्यात लागला. लग्न झालं, रेवा झाली. पुढे कधी टीव्हीवर संचलन लागलं, की तो चॅनल बदलायचा.

रेवा दोन वर्षांची असताना कारखान्यातला बॉयलर फुटला. सुनीलची ओळख पटवायला आबा एकटेच गेले. मला त्यांनी येऊ दिलं नाही. परत आले ते सरळ न्हाणीत गेले आणि कितीतरी वेळ पाणी अंगावर ओतत राहिले.

तेराव्याचे पाहुणे परतल्यावर आबा माझ्यासमोर येऊन बसले. हातात खाकी लिफाफा होता, कडा पिवळ्या पडलेला. "हाई पत्र मी दपाडी ठेवं व्हतं," म्हणाले. "सुनीलले माहीत नव्हतं."

सुनीलचं बोलावणं होतं ते. पोस्टमननं आबांच्या हातात दिलं होतं आणि हजर व्हायची तारीख उलटून जाईपर्यंत त्यांनी ते पेटीत, गणवेशाच्या घडीखाली ठेवलं होतं. मी एकच विचारलं, "आबा, त्याला हे मिळालं असतं तर?"

"तो तठे जाता, ते आज जित्ता ऱ्हाता," ते म्हणाले. माफ कर, असं म्हणाले नाहीत. कारणही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रेवाला घेऊन जळगावला माहेरी निघून गेले.

दर रविवारी ते एसटीनं यायचे. अंगणात बसायचे, रेवाला मांडीवर घेऊन शेंगा सोलून द्यायचे आणि चारच्या गाडीनं परत. मी चहा बाहेर पाठवायचे, स्वतः जायचे नाही. वर्ष असंच गेलं. एका रविवारी माझ्या भावानं मला न विचारता माझ्यासाठी स्थळ पाहिल्याचं त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी पहिल्यांदाच घराच्या आत पाय टाकला. "पोरले मी संभाळस," मला म्हणाले. "तू शिक. मंग तुले जे करनं शे ते कर." मी बी.एड.ला प्रवेश घेतला आणि परत त्यांच्या घरी राहायला आले. राग संपला नव्हता... पण त्या घरात सुनीलची आठवण ज्याला टोचत होती, असं माणूस माझ्याखेरीज तेच होते.

रेवा चौदा वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं. जेवताना तिनं सरळ विचारलं, "आबा, पप्पांचं पत्र तुम्ही लपवलं होतं?"

"हा. मीच दपाडं."

ती ताटावरून उठली. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला ओसरीवर बोलावलं आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सुरुंग काढायची पाळी त्यांची होती. ताप होता म्हणून त्यांचा दोस्त गेला. त्याला उचलून आणायला आबाच गेले. पोतं न्यावं लागलं. "मन्हा पोऱ्याले तसं कोन्ही आनाले नको, म्हनीसन दपाडं," ते म्हणाले, "अन् मीच त्याले तसा आना." मी चुलीजवळ उभी राहून ऐकत होते. रेवा रडली नाही. तिनं विचारलं, "मी मोठी झाल्यावर मला कुठे जाऊ द्याल?"

"तू म्हनशी तठे."

ती आता धुळ्यात नर्सिंगला आहे. आबांचे शेवटचे दिवस आजारपणात गेले नाहीत. सकाळी भाकरी खाल्ली, दुपारी गेले. मी त्यांना माफ केलं का, हे लोक विचारत नाहीत. मीच स्वतःला विचारते.

शेताच्या पायवाटेवर आबा कुणाला पुढे चालू द्यायचे नाहीत. काठीनं माती चाचपत चालायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "मन्हा मांगे मांगे चाला." गेल्या रविवारी आम्ही दोघी शेतावर गेलो. रेवा पुढे झाली. काळ्या मातीत तिची पावलं उमटत होती आणि बरंच चालून गेल्यावर माझ्या लक्षात आलं... मी माझा प्रत्येक पाय तिच्या पावलातच ठेवत होते.